दोन माणसांची गाडी

सर्जेकोटच्या गोदूबाईच्या टाळूवर केस उगवत नसत. माशांची टोपली वर्षानुवर्षं त्याच जागी बसून तिथे गुळगुळीत चकती पडली होती, आणि ती झाकायला गोदूबाई पदर कायम डोक्यावरून घेई. परगावच्या लोकांना वाटे, बाई फार मर्यादशील. मर्यादशील वगैरे ती काही नव्हती. किनाऱ्यावर माशांचा लिलाव सुरू झाला आणि गोदूबाई पुढे झाली, की चांगले दाढीमिशीवाले पुरुष मागे सरत.

नवरा लग्नानंतर लवकरच वादळात गेला होता. ती माहेरी परत आली तेव्हा आई आधीच गेलेली, बाप खोकत पडलेला आणि धाकटा भाऊ सहदेव उघडानागडा वाळूत लोळत होता. त्या दिवसापासून टोपली तिच्या डोक्यावर चढली. सकाळी होड्या लागल्या की मासे घ्यायचे, चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि कोळंबवरून, कुंभारमाठची चढण चढून, थेट कट्टा गावच्या बाजारापर्यंत चालत जायचं. टोपलीतलं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. चढणीवर मानेची शीर न् शीर बोलायला लागायची. मासे विकणाऱ्या बायांच्या ठसक्यावर हसणाऱ्यांनी एकदा ती ओली टोपली घेऊन ती चढण चढून दाखवावी, मग हसावं.

गोदूबाईचं आयुष्यात एकच मागणं होतं. मरायच्या आत ही टोपली डोक्यावरून खाली यावी. दागिना नको, काशी नको. टोपली चाकांवर जावी आणि आपण तिच्या शेजारी बसून जावं, एवढंच.

सहदेव मोठा झाला तो होडीत न बसता मोटारीत बसून. बापाने वल्हं हातात दिलं की त्याला उलट्या व्हायच्या. मालवणला तेव्हा खाजगी सर्व्हिसच्या मोटारी येत. त्यांच्या मागे धावता धावता तो क्लीनर झाला, क्लीनरचा ड्रायव्हर झाला आणि मुंबईला एका गिरणीवाल्या शेठजींकडे नोकरीला लागला. या शेठजींना मोटारींच्या शर्यतींचा नाद. रविवारी सकाळी ते आपली बुटकी, उघडी, दोन माणसांची गाडी मोकळ्या मैदानावर नेत आणि पिंपांच्या मधून नागमोडी पळवत. सहदेव पिंपं मांडायचा, आडवी झालेली पिंपं उभी करायचा. एकदा शेठजींनी लहर आली म्हणून त्यालाच स्टिअरिंगवर बसवलं. त्या दिवशी एकही पिंप पडलं नाही. शेठजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुझ्यात आहे रे. पण मोठ्या गाड्या चालवून हात तयार होत नाही. अशी एक बारकी गाडी मिळव आणि घाटात घाल. मग बघ."

श्रीमंत माणसाने सहज म्हटलेलं वाक्य गरिबाच्या डोक्यात कसं रुतून बसतं, ते त्या शेठजींना कुठून कळणार? ते विसरूनही गेले असतील. सहदेव मात्र पुढच्याच वर्षी नोकरी सोडून गावी आला. बाप त्याच सुमाराला वारला होता. मागे राहिली होती एक होडी, दोघां भावंडांच्या समाईक मालकीची.

"बाय, होडी इकया आणि गाडी घेवया," सहदेव जेवता जेवता म्हणाला.

गोदूबाईच्या हातातला घास हातातच राहिला. गाडी म्हटल्याबरोबर तिला गाडी दिसलीच नाही, तिला खाली उतरलेली टोपली दिसली. कसली गाडी, किती माणसांची, हे विचारायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. सहदेवानेही सांगितलं नाही. तो खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो फक्त गप्प राहिला, आणि गप्प राहणं त्याच्या सोयीचं होतं.

गावात असं काही मोठं करायचं तर देवाला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. गोदूबाई सहदेवाला घेऊन रवळनाथाच्या देवळात गेली. परशुराम गुरवाने देवाच्या पाषाणावर डावीउजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "काय सांगू देवाक? गाऱ्हाणा नीट सांग, गोदूबाय. देव मागलेला देता, मनातला नाय देणा."

आता इथे तिने टोपलीचं नाव घ्यायचं की नाही? पण देवासमोर उभं राहून आपल्यासाठी मागायची तिला सवयच नव्हती. नवऱ्यासाठी मागितलं, बापासाठी मागितलं, आता भावासाठी. शिवाय देवळात माशांच्या टोपलीचं नाव कसं काढायचं, याचीही तिला लाज वाटली. ती म्हणाली, "माझ्या भावाचो हात गाडयेर बसांदे, म्हणान सांग. बाकी काय नको."

परशुराम गुरवाने सूर लावला. "बा देवा म्हाराजा! ही गोदूबाय आज तुझ्या पायाकडे इली आसा. हिच्या भावाक गाडी घेवची आसा. तेचो हात गाडयेर बसांदे. तेच्या हातीन कोणाक इजा नको. तुझी मर्जी आसात तर उजवो कौल दी!"

"होय म्हाराजा!" जमलेली माणसं म्हणाली.

उजवी पाकळी अशी टपकन पडली की गुरवालाही नवल वाटलं. गोदूबाईने कपाळ जमिनीला टेकवलं. होडी आठवड्याच्या आत विकली गेली.

घाटावरच्या एका लहान संस्थानिकाचं संस्थान विलीन झालं होतं आणि त्याच्या मोटारखान्यातल्या गाड्या विक्रीला निघाल्या होत्या. सहदेवाला मुंबईत बातमी लागली होती. पैसे गोदूबाईच्या कमरेच्या बटव्यात होते म्हणून, आणि तिलाही गाडी बघायची होती म्हणून, ती फोंडा घाट चढून त्याच्याबरोबर गेली. जन्मात पहिल्यांदाच ती घाट चढली. टोपली नसल्यामुळे तिची मान सारखी हलकी होऊन इकडेतिकडे वळत होती.

मोटारखान्यात दोनच गाड्या उरल्या होत्या. एक लांब, लाकडी बाजूंची, राजेसाहेबांना शिकारीला न्यायची गाडी. मागे बाकडी, वर कापडी छत, खाली ऐसपैस जागा. दुसरी हिरवी, इतकी बुटकी की गोदूबाईला वाटलं हिचा खालचा अर्धा भाग कुणीतरी चोरून नेला आहे. तारांची चाकं, झाकणावर कातडी पट्टा, छप्पर नाही, मागे काहीच नाही. दोन माणसांनी गुडघे लांब करून बसायचं, संपलं.

गोदूबाई सरळ लांब गाडीकडे गेली. मागचं फळकूट उघडून तिने दोन्ही हात पसरून मापं घेतली. इथे आपल्या टोपल्या, तिथे शेजारच्या हिराच्या, बाकड्यावर चारदोन माणसं, बाजार करून परत येताना नारळ, तांदूळ. तिने आतली लाकडी फळी नखाने खरवडून बघितली. पाणी मुरणार नाही. तिच्या तोंडावर हसू आलं.

सहदेवाने आधी लांब गाडी चालवून बघितली, मग बुटकी. बुटकीतून उतरला तेव्हा त्याचा चेहरा पेटलेला होता.

"बाय, ही घेवया," तो हिरव्या गाडीच्या झाकणावर हात ठेवून म्हणाला.

गोदूबाईला आधी ती थट्टाच वाटली. "हिच्यात टोपली खंय ठेवतलस रे? तुझ्या डोक्यार?"

"ऐक माझा. त्या लांब गाडयेत ड्रायव्हर झोपलो तरी चलता. चूक केली तरी कळणा नाय, गाडी सगळा सांभाळून घेता. ह्या गाडयेत बसलंय काय रस्तो ढुंगणाक कळता. गियर चुकलो काय लगेच थोबाडीत बसता. हात तयार व्हवचो तर ह्येच्यातच व्हतलो. एक वरीस दी माका. घाटावर गाड्यांची शर्यत व्हता, थंय माका कोणय साहेब उचलतलो. मगे तुका लांब गाडी काय, टॅक्सी घेवन देतंय."

"माका थोबाडीत बसवन घेवची नाय, सायदेवा. माका टोपली ठेवची आसा."

संस्थानचे कारभारी खुर्चीवर पाय हलवत बसले होते. ते शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, लवकर ठरवा. पैसे नक्की कोण देणार आहे?"

पैसे गोदूबाईच्या कमरेला होते. तिने नाही म्हटलं असतं तर सहदेव काहीही करू शकला नसता. ही गोष्ट तिलाही ठाऊक होती आणि त्यालाही. म्हणून त्याने शेवटचं काढलं. अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "बाय, देवाकडे तूच काय मागलंस? हात बसांदे म्हणालंस ना? देवान उजवो दिल्यान."

शब्द तिचेच होते. गाऱ्हाणं तिचंच होतं. आणि समोर उभा होता तो तिने वाळूतून उचलून मोठा केलेला पोरगा, त्याच वयाचा असल्यासारखे डोळे करून. गोदूबाईने भिंतीकडे तोंड केलं आणि बटव्याची गाठ सोडली.

ती लांब गाडी पुढे कणकवलीच्या एका व्यापाऱ्याने घेतली. गोदूबाईला ती अधूनमधून रस्त्यात दिसे. तिच्या फळकुटाबाहेर केळीचे घड आलेले असत.

हिरवी गाडी गावात शिरली तेव्हा सगळं सर्जेकोट रस्त्यावर आलं. बापये हसले, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "गोदूबायन होडी देवन चाकांचा पायताण हाडल्यान," हिरा म्हणाली. पण देवाने कौल दिलेला, त्यामुळे कोणाला उघड नाव ठेवता येईना. देवाच्या कौलाने आलेली अशी बिनकामाची वस्तू गावाने त्याआधी बघितली नव्हती.

आणि सहदेव मात्र खरोखरच मेहनतीला लागला. त्यात कसूर नव्हती. कुंभारमाठच्या कातळाच्या मोकळ्या सड्यावर त्याने दगड मांडून वळणं केली. गोदूबाई बाजारातून दमून परत आली की तो तिला शेजारी बसवी, तिच्या मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या देई आणि गाडी सोडी. "पाणी सांडला तर सांग." सुरुवातीच्या दिवसांत तिचं लुगडं चिंब व्हायचं. सकाळी माशांचं पाणी, संध्याकाळी तांब्याचं. "सांडला," ती म्हणे. "परत सांडला." तो दात ओठ खाऊन पुन्हा वळण घेई. क्लच दोनदा दाबायचा, गियर टाकताना इंजिनाचा आवाज ऐकायचा, ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही, हे सगळं तो स्वतःशी पुटपुटायचा, आणि ऐकून ऐकून गोदूबाईलाही पाठ झालं.

मग एका संध्याकाळी पाणी सांडलं नाही. गाडी दगडांमधून अशी सरसरत गेली आणि अशी हलकेच थांबली की तांब्यातल्या पाण्याला तरंगसुद्धा उठला नाही. गोदूबाई तांब्याकडे बघत राहिली आणि एकाएकी खदखदून हसली. खरं सांगायचं तर त्या दिवशी ती सुखी होती. तिला वाटलं, आता फार दिवस नाहीत.

पण टोपली डोक्यावरच होती. त्या पावसाळ्यानंतर तिचा उजवा गुडघा धरला. चढणीवर ती दोनदा थांबायला लागली. एक दिवस तिने विचारलं, "आजच्या दिवस माका कट्ट्याक सोड रे. टोपली मांडयेर घेवन बसतंय."

सहदेवाने मान खाली घातली. "बाय, ओली टोपली नको गो. सीटाचा कातडा कुजता. ह्या कातडा हय गावणा नाय."

"आणि माझ्या मानेचा कातडा?" गोदूबाई म्हणाली. "ता खंय गावता?"

ती चालत गेली. अर्ध्या वाटेवर मागून हिरवी गाडी आली, सहदेवाने हात हलवला आणि लाल धुरळा उडवत पुढे निघून गेला. त्याचा सरावाचा वेळ होता. गोदूबाईने टोपलीवरचा केळीचा पाला नीट केला, माशांवर धूळ बसू नये म्हणून. स्वतःच्या तोंडावरची तशीच राहू दिली.

शर्यत व्हायला एकाची तीन वर्षं लागली. सत्तावन्न साली घाटावरच्या हौशी मोटारवाल्यांनी चढणीची शर्यत लावली. सहदेव गेला. त्याने गाडी उत्तमच चालवली असणार, पण गाडी होती विलायतेत लढाईच्या आधी तयार झालेली आणि संस्थानिकाने वापरून टाकलेली. साहेबांच्या पोरांकडे नव्या कोऱ्या गाड्या. वळणावर तो त्यांना गाठायचा आणि सरळ चढ आला की त्या भुर्रकन निघून जायच्या. तो शेवटून तिसरा आला. वर पोचता पोचता गाडीचा मागचा आस मोडला. त्या आसाचा सुटा भाग मुंबईतसुद्धा मिळत नव्हता. एका साहेबाने मात्र त्याला बाजूला घेतलं. "हात छान आहे हो तुमचा," तो म्हणाला. "आमच्या मातोश्रींची गाडी चालवाल का? त्यांना धक्के सोसत नाहीत."

सहदेवाने नको म्हटलं. शर्यतीच्या गाडीवर नेतील म्हणून गेलेला माणूस, म्हातारीला देवदर्शन घडवायला कसा राहील? तो मालाच्या ट्रकवर बसून परत आला आणि हिरवी गाडी मागाहून दुसऱ्या ट्रकवरून आली. घरामागच्या मांगरात, झावळ्यांखाली तिला ठेवली. वर्षभरात कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. ज्या कातड्याला गोदूबाईची टोपली चालली नाही, त्यावर कोंबड्यांनी काय काय केलं ते सांगायला नको.

त्यानंतर सहदेव सरकारी बसवर ड्रायव्हर लागला. परीक्षेत पहिला आला म्हणे. खाकी कपडे, छातीवर बिल्ला, आणि मालवणहून कट्ट्यावरून कसालला जाणारी गाडी. गोदूबाईने ते ऐकलं आणि तिच्या मनात पुन्हा तेच आलं. हा रस्ता तर आपलाच. बसच्या टपावर टोपली ठेवायला किती जागा लागते?

नियम होता की ओले मासे गाडीत घ्यायचे नाहीत. टपावरून पाणी गळतं, खिडकीत बसलेल्यांच्या कपड्यांवर पडतं. त्यांचंही खोटं नव्हतं. पण त्याच रस्त्यावर लवू नावाचा दुसरा ड्रायव्हर होता, तो कंडक्टरकडे बघून डोळे मिचकावी आणि बायांच्या टोपल्या टपाच्या मागच्या कडेला चढवू देई. गोदूबाई लवूच्या गाडीने कधी गेली नाही. लोक म्हणतील, भावाची गाडी असून दुसऱ्याच्या गाडीने जाते. भावाला कमीपणा येईल. ती वाट बघत राहिली, तो आपण होऊन म्हणेल म्हणून. तो म्हणाला नाही. सहदेवाच्या नावावर एक तक्रार नव्हती आणि बहिणीची टोपली चढवून ती पहिली तक्रार त्याला नको होती. शर्यतीच्या गाडीवर साहेबांनी घेतलं नाही, निदान गाडी चालवण्यात कोणी बोट ठेवू नये, एवढं एकच त्याच्यापाशी उरलं होतं. हे गोदूबाईला कळत होतं. कळल्याने गुडघा दुखायचा थांबत नाही.

त्रेसष्ट साली एका वैशाखातल्या सकाळी ती कुंभारमाठची चढण चढून आली आणि गुडघ्याने पुढे जायचं नाकारलं. बस थांब्यावर माणसं उभी होती. एका माणसाच्या मदतीने तिने टोपली खाली उतरवली. तेवढ्यात गाडी आली. सहदेवाचीच.

माणसं चढली. गोदूबाई टोपलीला हात लावून उभी राहिली. कंडक्टर हरिश्चंद्र दारातून म्हणाला, "बाई, ओली टोपली घेता येणार नाही. तुम्ही एकट्या या हवं तर."

गोदूबाईने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती पुढे गेली, ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभी राहिली आणि मान वर करून म्हणाली, "सायदेवा. आज पाय चलणत नाय रे."

सहदेवाने तिच्याकडे बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "ओ, माशे नको हां! मी लग्नाक चल्लंय." सहदेवाने मान वळवली आणि समोरच्या रस्त्याकडे बघायला लागला. हरिश्चंद्राने घंटी दिली.

गाडी निघाली. गचका नाही, गियरचा खरखराट नाही. एक म्हातारा अजून बाकांच्या मधे उभाच होता, हात दोन्ही कोटाच्या खिशात. त्याला कुठे धरावं लागलं नाही, तो जराही डुलला नाही. गोदूबाई बघत होती. त्या गाडीत कोणी मांडीवर काठोकाठ तांब्या घेऊन बसलं असतं, तर थेंब सांडला नसता. हे तिच्याइतकं कोणाला कळणार! वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. गाडी सड्यापलीकडे दिसेनाशी झाली.

मग तिच्या लक्षात आलं, की टोपली खाली आहे. आणि भरलेली टोपली एकट्या बाईला डोक्यावर चढवता येत नाही, दुसरा हात लागतो. थांब्यावरची सगळी माणसं बसमध्ये गेली होती. ती टोपलीशेजारी दगडावर बसली. ऊन चढत होतं. आयुष्यभर जे मागायचं राहून गेलं ते आज असं झालं होतं, टोपली डोक्यावरून खाली होती आणि ती शेजारी बसली होती. मासे नरम पडायला लागले तेव्हा ती रडली. हुंदका नाही, नुसतं पाणी.

बऱ्याच वेळाने परशुराम गुरव पाहुण्यांकडे जाता जाता तिकडून आला. म्हातारा झाला होता, डोळ्यांना कमी दिसत होतं. तिने हाक मारली, तेव्हा आवाजावरून त्याने तिला ओळखलं.

"कोण, गोदूबाय? देवळात येवक नाय किती दिवस. काय गाऱ्हाणा घालूचा आसा काय?"

"नाय," गोदूबाईने पदराने तोंड पुसलं. "देवाक सांग, माझ्या भावाचो हात बसलो. मागलेला सगळा मिळाला." तिने चुंबळ नीट करून टाळूवरच्या त्या चकतीवर ठेवली. "आता ही टोपली उचलूक जरा हात लाव."

गुरवाने हात लावला. टोपली वर चढली, पाणी मानेवरून पाठीत उतरलं, आणि गोदूबाई लंगडत कट्ट्याच्या वाटेला लागली.